बिल मशीनवर, पण काम कोणाचे?

(नवी मुंबईतील महिला गटांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



मला आज ‘बाई आणि बाजार’ या विषयावर बोलायला सांगितले आहे. विषय फार मोठा आहे. मी त्यातला एक लहानसा कोपरा घेते. मोठ्या दुकानांतून आता आपले बिल आपणच करण्याची मशीन येऊ लागली आहेत. त्यांच्याबद्दल मी बोलणार आहे.

दिवाळीच्या आधी मी इथल्याच एका मोठ्या दुकानात सामान आणायला गेले होते. दुकानाचे नाव सांगत नाही, कारण प्रश्न एका दुकानाचा नाही. काउंटर दोनच उघडे आणि रांग पार तांदळाच्या पोत्यांपर्यंत गेलेली. बाजूला चार मशीन रिकामी. तिथे उभ्या असलेल्या मुलीने बोलावले, ‘मॅडम, इथे या, लवकर होईल.’ मी गेले. एकेक पुडा उचलायचा, त्यावरच्या काळ्या रेघा काचेसमोर धरायच्या, आवाज आला की पुडा पिशवीत टाकायचा. रव्याचा पुडा दोनदा मोजला गेला. एक कमी करायचा तर ते मशीन ऐकेना. मग त्या मुलीने येऊन गळ्यातले कार्ड लावले, तेव्हा कुठे ते सुधारले.

शेजारच्या मशीनवर एक बाई होती. तिने सगळे सामान नीट मोजले आणि पैसे देण्यासाठी बटव्यातून नोटा काढल्या. मशीनला नोटा चालत नव्हत्या, फोन किंवा कार्डच हवे होते. फोन नवऱ्याकडे होता. तिचे सगळे बिल रद्द झाले आणि ती पिशवी उचलून पुन्हा त्या लांब रांगेच्या शेवटी जाऊन उभी राहिली. कोणाला काही बोलली नाही.

मी फोनवरून पैसे दिले आणि निघाले. दारावरचा रखवालदार काउंटरवरून आलेल्यांच्या बिलाला नुसते भोक पाडत होता. माझी पिशवी मात्र त्याने उघडायला लावली आणि एकेक वस्तू मोजली. म्हणजे दुकानाचे काम मी फुकट केले आणि वर संशयही माझ्यावरच!

घरी आल्यावर मी हिशेब मांडला. कॅशियर करते ते काम मी केले होते. तिला त्याचा पगार मिळतो. मला बिलात चार आण्यांचीही सूट नव्हती. काम कमी झालेच नव्हते. ते पगार घेणाऱ्या हातातून बिनपगारी हातात गेले होते, एवढेच. बिनपगारी काम म्हटले की आपल्याला वेगळे काही समजावून सांगावे लागत नाही. आपला जन्म त्यातच गेला आहे.

हे एका रात्रीत घडलेले नाही. पूर्वी आपण वाण्याला यादी सांगायचो. तो काढायचा, तोलायचा, बांधायचा आणि हिशेब करायचा. अमेरिकेत मेम्फिस शहरात १९१६ साली क्लॅरेन्स सॉन्डर्स या दुकानदाराने ‘पिग्ली विग्ली’ नावाचे दुकान काढले आणि गिऱ्हाईकाच्या हातात टोपली दिली. माल काढायचे काम तेव्हा आपल्याकडे आले. त्यानंतर त्या काळ्या रेघा आल्या. २६ जून १९७४ रोजी ओहायो राज्यातल्या ट्रॉय गावी एका दुकानात पहिली वस्तू अशी मोजली गेली. ती होती च्युइंगमची पाकिटे, आणि ती मोजणारी कॅशियर होती शॅरन ब्युकॅनन नावाची बाई. पुढे बारा वर्षांनी, १९८६ साली, अटलांटाजवळच्या एका दुकानात गिऱ्हाईकाने स्वतः मोजायचे मशीन बसले. शॅरनचे काम करायला आता शॅरनची गरज उरली नव्हती.

आपल्या शहरातही ही रीत रुजते आहे. तुर्भ्याला डिसेंबर २०२० मध्ये आयकियाचे प्रचंड दुकान उघडले. तिथे खोक्यात बांधलेले कपाट आपणच शोधून गाडीवर चढवायचे आणि घरी नेऊन आपणच जोडायचे, अशी त्यांची मूळ पद्धतच आहे. लोकल गाडीचे तिकीटही आपण मशीनवर काढतो. पण तिथे एक गोष्ट पाहा. बऱ्याच स्टेशनांवर त्या मशीनशी रेल्वेने मदतनीस नेमलेले असतात. त्यांत निवृत्त रेल्वे कर्मचारी असतात, आणि ते आपल्याला तिकीट काढून देतात. म्हणजे माणूस लागतोच. फक्त खिडकीमागे खुर्चीवर, कायम पगारावर बसलेला माणूस आता मशीनशेजारी उभा राहून कमिशन घेतो.

दुकानातल्या त्या मुलीचेही तेच. काल ती कॅशियर होती. गल्ला तिच्या ताब्यात होता, त्याची जबाबदारी होती आणि त्या जबाबदारीला थोडी प्रतिष्ठा होती. आज ती चार मशीनांमध्ये धावते. मशीनवरचा राग लोक तिच्यावर काढतात. या नोकऱ्या कोण करते? घणसोली, कोपरखैरणे, तुर्भे, दिघा इथल्या बारावी झालेल्या मुली. काहींच्या घरची भातशेती आणि मिठागरे या शहराखाली गेली आहेत. घराजवळची, छपराखालची, स्वतःच्या नावाने पगार देणारी ही नोकरी. या पगारावर लग्न दोन वर्षे पुढे ढकलता येते. चार काउंटरच्या जागी चार मशीन आणि एक मुलगी आली, तर उरलेल्या तिघींनी कुठे जायचे, याचा विचार कोण करणार?

आता दुसरी बाजूही मांडते, नाहीतर तुम्ही म्हणाल, बाई यंत्राच्याच विरोधात आहेत. मी नाही. स्वतः माल निवडण्यात मोकळेपणा आहे. किंमत वाचता येते, नको ते गळ्यात पडत नाही. एक कॉलेजची मुलगी मला म्हणाली, ‘मावशी, पॅड घेताना मशीनच बरे. काउंटरवरचा दादा काळी पिशवी शोधत बसतो आणि मागचे सगळे बघतात.’ तिचे म्हणणे खरे आहे. ज्यांना मशीन सोयीचे आहे त्यांनी ते जरूर वापरावे. माझा आक्षेप मशीनवर नाही, सक्तीवर आहे. काउंटर एकेक करून बंद करायचे, रांग वाढू द्यायची आणि मग ‘लोकांनाच मशीन हवे आहे’ म्हणायचे, याला निवड म्हणत नाहीत.

ही सक्ती सगळ्यांवर सारखी पडत नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९–२१ च्या फेरीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या बायांपैकी सुमारे ५४ टक्के बायांकडेच स्वतः वापरायचा मोबाईल होता. ज्या घरात फोन एकच आहे, तिथे तो कोणाच्या खिशात असतो ते मी सांगायला नको. शिवाय रोख पैसा ही बाईची खास मिळकत आहे. डब्यात साठवलेल्या, नवऱ्याला न सांगता बाजूला टाकलेल्या नोटांचा हिशेब कोणाला जात नाही. फोनवरून दिलेल्या प्रत्येक रुपयाचा निरोप त्याच फोनवर येतो. नोट न घेणारे मशीन त्या बाईचा कोपरा हिरावून घेते.

वेळेचेही तसेच. केंद्र सरकारच्या वेळ-वापर पाहणीत, घरकाम करणाऱ्यांत बाईची रोजची सरासरी २०१९ मध्ये २९९ मिनिटे होती आणि पुरुषाची ९७. २०२४ च्या पाहणीत ती २८९ आणि ८८ झाली. पाच वर्षांत बाईची दहा मिनिटे कमी झाली, तर पुरुषाने आपलीही नऊ कमी करून घेतली! या पावणेपाच तासांत आता कंपनीचीही दहा मिनिटे घालायची का?

काही होणार नाही, यंत्र आले ते आले, असे म्हणू नका. उत्तर इंग्लंडमधल्या बूथ्स या दुकानसाखळीने २०२३ साली आपल्या जवळजवळ सर्व दुकानांतून ही मशीन काढून टाकायचे ठरवले, कारण गिऱ्हाइकांना ती संथ आणि बेभरवशाची वाटत होती. आणि आपल्या देशात केरळच्या बाया पाहा. कोळिकोडच्या कापडदुकानांतल्या विक्रेत्या बायांना दिवसभर बसायला बंदी होती. पी. विजी यांच्या पुढाकाराने ‘पेणकूट्ट’ या संघटनेने बसण्याच्या हक्कासाठी लढा दिला. २०१८ मध्ये केरळने कायदा बदलला आणि २०२१ मध्ये तमिळनाडूनेही तसाच बदल केला. एका खुर्चीसाठी कायदा बदलतो, हे त्या बायांनी दाखवून दिले.

आपल्याला तर जुना वारसा आहे. १९७२ साली मृणाल गोरे आणि अहिल्या रांगणेकर यांच्याबरोबर मुंबईच्या बाया लाटणी घेऊन महागाईविरुद्ध रस्त्यावर आल्या होत्या. बाजार हा बाईच्या राजकारणाचा विषय आहे, हे त्यांनी तेव्हाच सांगून ठेवले. तेव्हा दुकानात माल नव्हता. आता माल आहे, माणूस नाहीसा होतो आहे.

म्हणून माझे सांगणे थोडक्यात असे. आपल्या प्रत्येक गटाने आपल्या भागातल्या मोठ्या दुकानाच्या व्यवस्थापकाला लेखी निवेदन द्यावे. दुकान उघडे असेल तोवर रोख घेणारा, माणूस असलेला काउंटर पुरेशा संख्येने चालू हवा. मशीनवर मराठी हवी. पिशवी तपासायची तर सगळ्यांची सारखी तपासा, आणि बाईची पिशवी बाईने तपासावी. मशीन बसवले म्हणून एकाही मुलीला कामावरून काढू नये. आणि काउंटरवर असो वा मशीनपाशी, तिला बसायला खुर्ची हवी. निवेदन देण्याआधी त्या मुलींशी बोला, पण दुकानाबाहेर, त्यांची नोकरी धोक्यात येणार नाही अशा बेताने. त्यांना काय हवे ते त्यांनाच विचारा.

आणि घरी गेल्यावर एक करा. पुढच्या महिन्याची यादी आणि पिशवी घरातल्या पुरुषाच्या हातात द्या. रांगेत त्यालाही उभे राहू दे.

मी त्या दुकानात पुन्हा गेले होते. या वेळी लांब रांगेतच उभी राहिले. कॅशियर मुलीने विचारले, ‘मॅडम, मशीनवर का नाही गेलात?’ मी म्हटले, ‘तुझे काम आहे ते.’ ती हसली, आणि एक पाय उचलून दुसऱ्या पायावर भार घेतला. तिच्याकडे खुर्ची नव्हती.