परक्या शहरातील पहिली पावले
(तुमसर येथे झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



तुमसरच्या मातीचा परदेशाशी संबंध जुना आहे. चिखला, डोंगरी बुजुर्ग या परिसरातील मँगनीज गेल्या शतकात रेल्वेने बंदरावर आणि तेथून बोटीने सातासमुद्रापार गेले. आता या गावातील मुले-मुली बाहेर पडतात. कोणी पुण्याला जाते, कोणी हैदराबादला, तर कोणी थेट परदेशी. फलाटावर आईवडील डोळे पुसतात आणि मनात एकच प्रश्न असतो, ‘परक्या शहरात गेल्यावर लेकरू आपले राहील ना?’

हा प्रश्न आजचा नाही. सुमारे एकशे चाळीस वर्षांपूर्वी एका सतरा-अठरा वर्षांच्या मराठी मुलीने तो भर सभेत स्वतःहून अंगावर घेतला आणि मग ती बोटीत चढली. तिचे नाव आनंदीबाई जोशी.

३१ मार्च १८६५ रोजी जन्मलेली ही यमुना नवव्या वर्षी टपालखात्यातील गोपाळराव जोशींची पत्नी झाली आणि ‘आनंदी’ या नावाने सासरी आली. चौदाव्या वर्षी मातृत्व आले. परंतु ते बाळ अवघे दहा दिवस जगले. पुरुष डॉक्टरकडून तपासून घेण्यापेक्षा मरण पत्करणाऱ्या स्त्रिया त्या काळी घरोघरी होत्या. आपल्या या भगिनींसाठी आपणच वैद्यक शिकावे, हा निश्चय या दुःखातून दृढ झाला. गोपाळरावांनी अमेरिकेतील एका मिशनऱ्यास पत्नीच्या शिक्षणासाठी साहाय्य मागितले, तेव्हा धर्मांतराचे सुचविण्यात आले. तो पत्रव्यवहार तेथील एका मासिकात छापला गेला. न्यू जर्सीतील रोझेल गावच्या थिओडिशिया कार्पेंटर या गृहिणीने तो वाचला आणि कोणतीही अट न घालता आपल्या घराचे दार उघडले.

येथे एक गोष्ट नीट लक्षात घेतली पाहिजे. आनंदीबाईंनी पाहिलेले पहिले परके शहर अमेरिकेतील नव्हते. ते आपलेच मुंबई आणि कलकत्ता होते. २४ फेब्रुवारी १८८३ रोजी श्रीरामपूर येथील महाविद्यालयाच्या सभागृहात केलेल्या भाषणात त्यांनी हे स्पष्टपणे सांगितले. पुस्तके घेऊन शाळेत जाणारी विवाहित मुलगी पाहून मुंबईच्या रस्त्यात लोक जमत, थट्टा करीत, खडे मारण्यासही लाजत नसत. ज्या समाजाच्या सेवेसाठी ती शिकू पाहत होती, त्याच समाजाचे हे वर्तन होते. हे ऐकून आपली मान खाली गेली पाहिजे.

तरीही त्याच भाषणात, जातीबाहेर टाकले जाण्याचे भय तुम्हांस नाही काय, या प्रश्नाला त्यांनी दिलेले उत्तर शांत होते. आपण हिंदू म्हणून जात आहोत, हिंदू म्हणूनच परत येऊ आणि आपल्या लोकांत राहू, असा त्या उत्तराचा आशय होता. खडे मारणाऱ्यांवरचा राग त्यांनी धर्मावर काढला नाही आणि धर्मावरील निष्ठेपायी खडे मारणाऱ्यांपुढे मानही तुकविली नाही.

७ एप्रिल १८८३ रोजी त्या कलकत्त्याहून निघाल्या आणि ४ जून रोजी न्यूयॉर्कला उतरल्या. आज न्यूयॉर्क म्हटले की स्वातंत्र्यदेवतेचा पुतळा डोळ्यांपुढे येतो. तो तेव्हा उभा राहिलेला नव्हता, त्याचे अनावरण १८८६ साली झाले. मात्र ब्रुकलिनचा प्रचंड झुलता पूल अवघ्या अकरा दिवसांपूर्वी, २४ मे रोजी, रहदारीस खुला झाला होता. पोलादी तारांवर तोललेला तो पूल हे नव्या जगाचे नवे आश्चर्य होते. अशा दिवसांत नऊवारी नेसलेली, कपाळी कुंकू लावलेली एक मुलगी त्या शहरात उतरली. धक्क्यावर कार्पेंटरबाई तिला न्यायला आल्या होत्या. आनंदीबाई त्यांना ‘मावशी’ म्हणू लागल्या. परक्या गावात घातलेली ही पहिली हाकच किती बोलकी आहे! परके घर आपले करायचे तर आधी नाते जोडावे लागते, हे त्या मुलीस शिकवावे लागले नाही.

रोझेल येथे काही महिने काढून त्या फिलाडेल्फियास गेल्या. १८८० च्या जनगणनेनुसार साडेआठ लाख वस्तीचे हे शहर. १७७६ साली अमेरिकेच्या स्वातंत्र्याचा जाहीरनामा येथेच झाला. स्त्रियांना वैद्यक शिकविण्यासाठी १८५० साली स्थापन झालेले महाविद्यालयही याच शहरात होते. प्राध्यापिका रेचल बॉडली या त्याच्या अधिष्ठाता होत्या. महाविद्यालयाने आनंदीबाईंना प्रवेश दिला आणि शिष्यवृत्तीही दिली. वर्गात शिकणाऱ्या स्त्रिया, शिकविणाऱ्याही स्त्रिया आणि त्याबद्दल रस्त्यात कोणी खडा मारीत नाही, हा अनुभव मुंबईहून आलेल्या मुलीस केवढा नवा असेल!

परंतु शहर केवळ गौरवाचे नसते. शहराला हवामान असते, भाडे असते, एकटेपण असते. आनंदीबाईंच्या वाट्याला आलेल्या खोलीतील शेकोटी नीट पेटत नसे. धूर कोंडे किंवा थंडी सोसावी लागे. शाकाहार त्यांनी सोडला नाही. नऊवारीत पोटऱ्या उघड्या राहतात, त्या थंडीत ते परवडेना, म्हणून त्यांनी गुजराती पद्धतीने साडी नेसण्यास आरंभ केला. साडी राहिली, नेसण्याची रीत बदलली. काय सोडावे आणि काय धरावे याचा विवेक म्हणतात तो हाच.

अर्थात परदेशात आपल्या घराचा बचाव करण्याची ओढही अनावर होते. अमेरिकेतील श्रोत्यांपुढे आनंदीबाईंनी बालविवाहाचे समर्थन केले, तेव्हा त्यांचे हितचिंतकही चकित झाले. ज्या चालीचा चटका स्वतःला बसला, तिचीच बाजू त्यांनी मांडली. त्यांना दोष देण्याचे कारण नाही. परके लोक आपल्या घरास नावे ठेवतात तेव्हा घरातील गळके छप्परही सोन्याचे वाटू लागते. मात्र आपल्याला यातून शिकायचे आहे. दुसऱ्यापुढे घराची लाज राखणे वेगळे आणि घरी परतल्यावर छप्पर शाकारणे वेगळे. स्वाभिमानास दोन्ही करावे लागते.

पदवीसाठी आनंदीबाईंनी प्रबंधाचा विषय निवडला तो ‘आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र’. फिलाडेल्फियात बसून त्यांनी आयुर्वेदाची परंपरा आधुनिक विद्येसमोर ठेवली. ११ मार्च १८८६ रोजी त्या डॉक्टर झाल्या. त्या समारंभास पंडिता रमाबाई उपस्थित होत्या. कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयातील स्त्री-विभागाची नेमणूकही हाती आली. पण त्या परतल्या त्या क्षयाने पोखरलेल्या शरीरानिशी. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. वयाची बावीस वर्षेही पूर्ण झाली नव्हती. एकाही रुग्ण भगिनीची नाडी त्यांना कोल्हापुरात पाहता आली नाही.

दिलेला शब्द त्यांनी तंतोतंत पाळला. ज्या श्रद्धेनिशी गेल्या, त्याच श्रद्धेनिशी परत आल्या. प्रश्न उरतो तो समाजाच्या शब्दाचा. त्यांनी परत येऊन आपल्यात राहण्याचे वचन दिले होते. आपण त्यांना जगविण्याचे वचन कोणी दिले होते? पतीच्या पत्रांत प्रोत्साहन असे, तसे कठोर बोलही असत. देशात कौतुक झाले, शंकाही घेतल्या गेल्या. त्या धुरकट खोलीची चौकशी करणारे मात्र फार थोडे होते.

म्हणून फलाटावर उभ्या असलेल्या आईवडिलांना या कथेतून दोन गोष्टी घेता येतील. लेकराच्या पाठीशी संस्काराचे बळ असेल, तर शहर त्याला गिळत नाही. आनंदीबाईंना फिलाडेल्फिया गिळू शकले नाही. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. संस्काराची परीक्षा मुलांनीच द्यायची असते असे नाही, ती घरालाही द्यावी लागते. मुलीचा दूरध्वनी आला की गुण किती पडले हे विचारण्यापूर्वी खोलीत थंडी वाजते का, जेवण नीट मिळते का, हे विचारावे. आणि शेजारची मुलगी शिकायला बाहेर पडली की मागून खडा येऊ नये. मग तो दगडाचा असो वा शब्दाचा. एवढे झाले तरी आनंदीबाईंचे अपुरे राहिलेले काम या गावापुरते पुढे गेले, असे म्हणता येईल.