विधी महाविद्यालय आणि आपली वस्ती



कायद्याचे शिक्षक या नात्याने आम्ही आपल्याशी बोलणार आहोत. परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९३५ साली मुंबईच्या सरकारी विधी महाविद्यालयाचे प्राचार्य झाले. १९५६ साली पीपल्स एज्युकेशन सोसायटीचे सिद्धार्थ विधी महाविद्यालय मुंबईत सुरू झाले. या परंपरेतून समाजाला वकील मिळाले. परंतु वकील घडविले की महाविद्यालयाचे काम संपले काय? आम्हांस तसे वाटत नाही.

विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ हा ९ नोव्हेंबर १९९५ पासून अंमलात आला. विद्यापीठे व विधी महाविद्यालये यांत विधी सेवा केंद्रे उभी राहावीत, ही अपेक्षा या कायद्यातच नमूद आहे. म्हणून महाविद्यालयाने वस्तीत जाणे ही मेहरबानी नव्हे, ते शिक्षणाचेच अंग आहे. याच कायद्याच्या कलम १२ नुसार अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती, स्त्रिया, बालके व कोठडीतील व्यक्ती यांना मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे. त्यांना उत्पन्नाची अट नाही. १९९० च्या दुरुस्तीने बौद्ध बांधवांचाही अनुसूचित जातींत समावेश झाला. तेव्हा जातीचा दाखला नीट असणे ही पहिली पायरी होय.

हक्क आहे, पण आपला माणूस अडतो तो अर्जापाशी. विद्यार्थ्याला न्यायालयात वकिली करता येत नाही, हे खरे. परंतु त्याला ऐकून घेता येते, घटनाक्रम तारीखवार लिहिता येतो, कागद लावता येतात आणि माणसाला तालुका विधी सेवा समितीपर्यंत सोबत नेता येते.

अत्याचार प्रतिबंधक कायद्याचेच पाहा. हा कायदा १९८९ चा. २०१५ च्या दुरुस्तीनुसार तोंडी दिलेली फिर्याद लिहून झाल्यावर ती सही घेण्यापूर्वी वाचून दाखविणे आणि तिची प्रत लगेच देणे हे अधिकाऱ्याचे कर्तव्य आहे. हे ज्या बाईला माहीत नाही, ती न वाचलेल्या कागदावर अंगठा देते. पुढे न्यायालयात तोच कागद तिच्यासमोर येतो. दोन वाक्ये आधी कोणी सांगितली असती, तर सबंध खटल्याला बळ आले असते.

यासाठी आमची एक सूचना आहे. दर रविवारी वंदनेनंतर विहारात एक टेबल मांडावे. तेथे विधी महाविद्यालयाचे दोन विद्यार्थी, एक शिक्षक व संस्थेचा एक कार्यकर्ता बसावा. विद्यार्थ्यांनी पैसा घेऊ नये, निकालाचे आश्वासन देऊ नये आणि ऐकलेली गोष्ट बाहेर बोलू नये. पुस्तकातील कलम माणसाच्या तोंडून ऐकले की ते जन्मभर विसरत नाही, हे आम्ही शिक्षकांनी पाहिले आहे.

विद्यार्थी मित्रहो, बाबासाहेबांनी कायदा शिकून तो समाजाच्या कामी लावला. आपली पदवीही भिंतीवर टांगून न ठेवता वस्तीच्या दारापर्यंत न्या, एवढेच सांगणे.

नमो बुद्धाय! जयभीम!