कॅफे रेसर : काय काढायचं, काय ठेवायचं

(संस्थेच्या रौप्यमहोत्सवी सोहळ्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



सचिवांनी मला पंधरा मिनिटं दिली आहेत. निवृत्त बँकवाला बोलायला उभा राहिला म्हणजे मुदत ठेव, नॉमिनेशन, मृत्युपत्र असं काहीतरी ऐकावं लागणार, अशी तुमची समजूत असेल. वारसाचा विषय थोडा येणार आहे, पण आजचा खरा विषय आहे मोटरसायकल. पार्किंगमध्ये पंपरूमशेजारी ताडपत्रीखाली अकरा वर्षं उभी असलेली येझदी यंदा पुन्हा चालू झाली आणि तिचं रूपही बदललं. काहींनी कौतुक केलं. काहींनी "चांगल्या गाडीची वाट लावली" असं म्हटलं. कमिटीकडे एक तक्रार अर्जही आला. तेव्हा जिन्यात दहा जणांना दहा वेळा सांगण्यापेक्षा एकदाच सांगून टाकतो. ज्यांची गाडी, त्या बी विंगमधल्या मायलेकी इथंच बसल्या आहेत. त्यांच्या परवानगीनंच बोलतोय.

या नव्या रूपाला 'कॅफे रेसर' म्हणतात. नाव ऐकून कॉफी आणि रेस यांचा काय संबंध, असं वाटतं. संबंध लंडनचा आहे. तिथं नॉर्थ सर्क्युलर रोडवर 1938 साली एस कॅफे नावाचं हॉटेल निघालं. आपल्या हायवेवर ट्रकवाल्यांचा ढाबा असतो, तशातलं, रात्रभर उघडं. महायुद्धात बॉम्ब पडून ते गेलं, 1949 साली पुन्हा उभं राहिलं. पुढच्या दहा-पंधरा वर्षांत तिथं मोटरसायकलवाली कामगार पोरं जमायला लागली. चहा प्यायचा, ज्यूकबॉक्समध्ये नाणं टाकून गाणं लावायचं आणि गाणं संपायच्या आत ठरलेल्या ठिकाणी जाऊन परत यायचं, अशा पैजा लागत असं सांगतात. सगळ्यांचं स्वप्न एकच, ताशी 100 मैल, म्हणजे 160 किलोमीटर. त्याला ती पोरं 'टन' म्हणायची.

रेसची तयार गाडी घ्यायला या पोरांच्या खिशात पैसे नव्हते. मग कामावर जायच्या गाडीतूनच वेगाच्या आड येणारं एकेक काढायचं. कॅरिअर काढ, मोठी सीट काढ, जड मडगार्ड काढ. हँडल खाली घ्यायचं आणि फूटरेस्ट मागं न्यायचे, म्हणजे माणूस टाकीवर पालथा पडल्यासारखा बसतो आणि वारा कमी अडतो. मागं एकट्यापुरती सीट आणि तिच्या शेवटी एक उंचवटा. कुणी एका कंपनीच्या चॅसीत दुसरीचं इंजिन बसवायचं. नॉर्टनची चॅसी आणि ट्रायम्फचं इंजिन घेऊन झालेल्या गाडीला 'ट्रायटन' म्हणतात. नॉर्टनची ती चॅसी बेलफास्टच्या मॅकँडलेस बंधूंची. रेसर हॅरॉल्ड डॅनियल यांनी चालवून पाहिली आणि पिसांच्या गादीवर बसल्यासारखं वाटतं म्हणाले, म्हणून तिचं नावच 'फेदरबेड' पडलं.

कंपन्यांनाही यात धंदा दिसला. रॉयल एनफिल्डनं 1964 साली 'कॉन्टिनेंटल जीटी' काढली, खास 250 सीसीची, कारण तिकडं शिकाऊ लायसनवर त्याहून मोठी गाडी चालवता येत नसे. इंग्लंडमधला तो कारखाना पुढं बंद पडला. मद्रासला 1955 साली सुरू झालेली शाखा मात्र टिकली, आणि त्याच नावाची कॅफे रेसर 2013 पासून तिथून साऱ्या जगात जाते.

आता आपल्या येझदीकडे येऊ. चेकोस्लोव्हाकियाची जावा म्हैसूरला 1961 पासून बनू लागली. 1973 पासून तिचं नाव येझदी झालं आणि 1996 साली कारखान्याला कुलूप लागलं. कारखाना काढणारे रुस्तम इराणी. इराणमधल्या यझ्द शहरावरून हे नाव आलं. मुंबई-पुण्यातले कितीतरी इराणी हॉटेलवालेही मूळचे यझ्दचेच. म्हणजे येझदीची कॅफे रेसर करणं तसं फार परक्या घरी जाणं नाही!

ही गाडी 1982 सालची. आपल्या एका संस्थापक सभासदांची. त्यांना तुम्ही सगळे ओळखत होता, म्हणून नाव घेत नाही. ते गेले आणि गाडीवर ताडपत्री पडली. गेल्या वर्षी रंगकामाच्या आधी कमिटीनं रास्त नोटीस लावली, की बंद वाहनं हलवावीत. तेव्हा घरात तीन मतं झाली. नातेवाईक म्हणाले, भंगारात द्या. वहिनी म्हणाल्या, "होती तशी करून द्या, नाहीतर आहे तशी राहू दे." मुलगी म्हणाली, "काका, मला ती शोकेसमध्ये नको, रोज ऑफिसला न्यायचीय. आणि मला आवडेल तशी करून न्यायचीय." माझ्याकडं एकेकाळी हीच गाडी होती, ग्रामीण शाखेत असताना वसुलीला तीच नेत असे. म्हणून दोघी माझ्याकडं आल्या.

मुलीनं मोबाइलवर फोटो दाखवले. वहिनींनी सगळे नीट पाहिले आणि एकच विचारलं, "मागची सीट कुठंय?"

मंडळी, या एका प्रश्नात सगळा विषय आला. लंडनच्या त्या पोराला मागं कुणी बसवायचं नव्हतं. आपल्याकडं मोटरसायकल हे अख्ख्या घराचं वाहन. मूल टाकीवर, बायको मागं, तिच्या मांडीवर दुसरं मूल आणि हँडलला भाजीची पिशवी. वहिनी त्या सीटवर तीस वर्षं बसल्या होत्या. वेगाच्या आड येणारं काढायचं म्हटलं, तर पहिली त्यांचीच जागा जाणार होती.

मी म्हटलं, आधी कायदा काय म्हणतो ते पाहू. केंद्रीय मोटार वाहन नियमांतला 123 क्रमांकाचा नियम आहे. मोटरसायकलवर मागं बसणाऱ्याला धरायला पकड हवी, पाय ठेवायला फूटरेस्ट हवेत, आणि मागच्या चाकाला अर्ध्याहून कमी नाही इतकं आच्छादन हवं, म्हणजे कपडे चाकात जाणार नाहीत. आपण त्याला सरळ साडीगार्ड म्हणतो. शिवाय 1988 च्या मोटार वाहन कायद्याचं कलम 52 सांगतं, की आरसीतल्या नोंदी कंपनीच्या मूळ तपशिलाहून वेगळ्या पडतील असा बदल करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी 2019 मध्ये तेच बजावलं. आरसीवर आसनसंख्या दोन आहे. म्हणजे वहिनींची सीट कायद्यानंच राखीव होती!

आणखी एक गोष्ट. जुलै 2021 मध्ये केंद्र सरकारनं व्हिंटेज गाड्यांचे नियम आणले. पहिल्या नोंदणीला 50 वर्षं झालेली आणि मूळ रूप टिकवलेली गाडी व्हिंटेज म्हणून नोंदता येते, तिला 'व्हीए' अक्षरं असलेला वेगळा नंबर मिळतो. आपली गाडी 2032 साली पन्नाशीला पोचेल. आज चॅसी कापली, की तो दरवाजा कायमचा बंद.

म्हणून आम्ही तिघांनी बसून एक अट ठरवली. जे करायचं ते पान्यानं करायचं, कटरनं नाही. नट सोडवून निघेल ते काढायचं, त्याच भोकांत बसेल ते बसवायचं. चॅसीला करवत नाही, वेल्डिंग नाही. तुम्ही फ्लॅटमध्ये टाइल्स बदलता, ओटा फिरवता, पण कॉलमला हात लावू लागलात तर कमिटी धावत येते. चॅसी हा गाडीचा कॉलम. उद्या हिच्या मुलांना आजोबांची गाडी होती तशी हवी झाली, तर एका दिवसात परत करता आली पाहिजे.

कामाचा क्रम सांगतो, कारण बऱ्याच घरी अशी एखादी गाडी पडून आहे. सर्वांत आधी कागद. मालक गेल्यावर तीस दिवसांत आरटीओला कळवायचं आणि तीन महिन्यांत फॉर्म 31 भरून गाडी वारसाच्या नावावर करायची असते. बँकेची खाती आपण लगेच बदलतो, गाडीचं मात्र कुणाच्या लक्षात येत नाही. खाजगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची, मग दर पाच वर्षांनी फॉर्म 25 भरून नूतनीकरण. त्यासाठी गाडी चालू स्थितीत दाखवावी लागते. म्हणून आधी ती मूळ रूपात चालू केली, पास केली आणि मगच रूपाला हात घातला.

इंजिन जाम होतं. प्लग काढून सिलिंडरमध्ये डिझेल आणि ऑइल सोडलं आणि आठ दिवस तसंच ठेवलं. मग टॉप गिअर टाकून मागचं चाक हळूहळू पुढं-मागं हलवलं. नवव्या दिवशी पिस्टन सुटला. सिलिंडरला ओरखडे होते, ते बोअर करून ओव्हरसाइज पिस्टन बसवला. क्रँकचे ऑइल सील कडक झाले होते. टू-स्ट्रोक गाडीत पेट्रोलचं मिश्रण क्रँककेसमधून वर जातं. सीलमधून हवा शिरली की मिश्रण पातळ होतं, इंजिन तापतं आणि धावत्या गाडीचा पिस्टन पकडतो. सील स्वस्त असतात, पण त्यांच्यावर जीव अवलंबून असतो. टायरची नक्षी नव्यासारखी दिसत होती, तरी बदलले, कारण अकरा वर्षांत रबर दगड होतं. ब्रेकचे लाइनर नवे, वायरिंग नवं. नाना पेठेत किती चकरा झाल्या ते विचारू नका. नट-बोल्ट डब्यांत घालून प्रत्येकावर चिठ्ठी आणि काहीही सोडवायच्या आधी फोटो, ही शिस्त मुलीची.

मग रूप. लेगगार्ड आणि कॅरिअर निघाले. उंच हँडलच्या जागी बुटकं, सरळ हँडल आलं. फूटरेस्ट मागं न्यायचा तिचा हट्ट होता. पण येझदीत डावीकडचा एकच दांडा किक आणि गिअर अशी दोन्ही कामं करतो. फूटरेस्ट हलवले तर ती सगळी रचना बिघडते. तिनं स्वतः जमिनीवर बसून पाहिलं आणि विषय सोडला. चेनवरचं बंद कव्हर तसंच ठेवलं, धूळ आणि साडी दोन्ही लांब राहतात. सीट नवी, जुन्याच बोल्टवर बसणारी. तिच्या मागच्या अर्ध्या भागावर फायबरचा उंचवटा दोन स्क्रूंनी बसतो. तो काढला की खाली वहिनींची जागा शाबूत, समोर पकड आणि बाजूला साडीगार्ड.

टाकीला रंग दिला नाही. गुडघ्यांजवळ रंग झिजून आतला पत्रा दिसतो. तो कुणाच्या गुडघ्यांनी झिजला ते घरात सगळ्यांना ठाऊक आहे. मुलीनंच सांगितलं, "तेवढं राहू दे."

तक्रार अर्ज आवाजाबद्दल होता, त्याचंही उत्तर देतो. दोन्ही साइलेन्सर मूळचेच आहेत, आतल्या जाळीसकट. फक्त साचलेली काजळी साफ केली. तरुण मित्रांना मुद्दाम सांगतो, टू-स्ट्रोक इंजिनाचा साइलेन्सर हा इंजिनाचाच भाग असतो. त्यातला दाब पुढच्या स्ट्रोकचं ताजं मिश्रण बाहेर पळू देत नाही. साइलेन्सर पोकळ केला की आवाज वाढतो आणि ताकद कमी होते. म्हणजे शेजाऱ्यांची झोपही जाते आणि हाती काही लागत नाही. अर्ज करणारे सद्गृहस्थ स्वतः खाली येऊन ऐकून गेले आणि त्यांनी अर्ज मागं घेतला, त्यांचे आभार.

हिशेबाची वही माझ्याकडं आहे. निम्म्याहून अधिक पैसा इंजिन, ब्रेक, टायर आणि वायरिंगवर गेला. रूप बदलायला त्यामानानं थोडाच लागला. ज्यांना नुसतं रूप बदलायचं आहे त्यांनी हे लक्षात ठेवावं. काढलेली प्रत्येक वस्तू पुसून, तेल लावून, यादीसह वहिनींच्या माळ्यावरच्या ट्रंकेत आहे. यादीच्या तीन प्रती आहेत, सवय जात नाही!

आता कमिटीकडं एक मागणं, आणि मग खाली बसतो. एस कॅफेवर जमणाऱ्या त्या पोरांना लंडनमध्ये लोक टरकून असायचे. वर्तमानपत्रांतही त्यांची बदनामीच. हॅक्नी विकच्या चर्चचे धर्मगुरू बिल शेरगोल्ड स्वतः मोटरसायकल चालवायचे. ते त्या हॉटेलात गेले आणि पोरांना चर्चच्या क्लबात बोलावून आणलं. 1962 साली तिथं मोटरसायकलवाल्यांची शाखा सुरू झाली. 'फिफ्टी-नाइन क्लब' म्हणून ती आजही नावाजलेली आहे. त्यांनी पोरांना फार काही दिलं नाही. बसायला जागा दिली, चहा दिला आणि गाड्या उभ्या करायला अंगण दिलं.

आपल्याकडं पंपरूमशेजारचा तो कोपरा आता रिकामा आहे. माझी सूचना अशी, की दर रविवारी सकाळी दहा ते बारा तो कोपरा दुरुस्तीसाठी ठेवावा. सायकल असो, स्कूटर असो, मिक्सर असो. एक टेबल, पान्यांचा एक संच आणि खाली तेल सांडू नये म्हणून एक पत्र्याचा ट्रे. इंजिन फार वेळ चालू ठेवायचं नाही, बारानंतर सगळं आवरायचं. एका कोपऱ्यात मीही स्टुलावर बसेन. हा विषय येत्या वार्षिक सर्वसाधारण सभेत घ्यावा, लेखी पत्र मी सचिवांकडं दिलं आहे. सूचक मी आहे. अनुमोदक म्हणून वहिनींनी सही केली आहे.