मूर्तिकाराच्या घरांतील मोबाइल



पेण तालुक्यांतील जोहे हें गांव ज्यांनीं पाहिलें नसेल, त्यांनींही तेथील एखादी गणेशमूर्ति आपल्या किंवा शेजाऱ्याच्या घरीं पाहिली असण्याचा संभव पुष्कळ आहे. पेण शहरांतला हा उद्योग हमरापूर, जोहे, कळवे, तांबडशेत या गांवांत पसरला, आणि आज तेथें ओटी, पडवी, अंगण व पत्र्याची शेड मिळून कारखाना होतो. 'कारखाना' हा शब्द ऐकून धुराडें आणि भोंगा डोळ्यांपुढें आणूं नये. एका बाजूला साचे, दुसऱ्या बाजूला ओळीनें मांडलेल्या पांढऱ्या मूर्ती, आणि मधून घरच्या माणसांना जाण्यायेण्यापुरती वाट, असें त्याचें रूप असतें. अशा घरांत गेल्या दहा वर्षांत बोटानें चालणारा कांचेचा फोन आला व तो काय काय करूं लागला, तें आज सांगण्याचें मीं योजिलें आहे. मी जन्मभर शाळामास्तर. यंत्रविद्या हा माझा विषय नव्हे. परंतु ज्यांना मीं अक्षरें गिरवावयास शिकविलीं, तींच मुलें आज या कारखान्यांचे मालक आहेत, आणि त्यांच्या ओटीवर बसून जें पाहिलें तेवढेंच मी सांगतों.

बोटाच्या स्पर्शानें चालणाऱ्या पडद्याची कल्पना तशी नवी नाहीं. इंग्लंडांत माल्व्हर्न येथील सरकारी रडार संशोधनसंस्थेंतल्या ई. ए. जॉन्सन यांनीं तिचें वर्णन १९६५ सालींच प्रसिद्ध केलें होतें. ती लोकांच्या खिशांत येण्यास मात्र चाळीस वर्षें लागलीं. ॲपल कंपनीनें आपला आयफोन ९ जानेवारी २००७ रोजीं जाहीर केला, आणि पुढें इतर कंपन्यांचे स्वस्त फोन निघाले. आमच्या बाजूच्या गांवांत या वस्तूचा खरा प्रवेश २०१६ नंतरचा. त्या सालच्या एप्रिलांत यूपीआय ही पैसे पाठविण्याची पद्धत निघाली, सप्टेंबरांत जिओचें स्वस्त इंटरनेट आलें, आणि नोव्हेंबरांत पांचशे व हजाराच्या नोटा एका रात्रींत रद्द झाल्या. या तिन्ही गोष्टी एकाच वर्षांत आल्या नसत्या, तर मूर्तिकार इतक्या लौकर या फोनाच्या वाटेला गेला असता असें मला वाटत नाहीं.

या फोनाच्या कांचेखालीं डोळ्यांना न दिसणाऱ्या विद्युद्वाहक रेषांचें जाळें असतें. आपलें शरीर विजेचें वाहक असल्यामुळें बोट टेकतांच त्या ठिकाणचा विद्युद्भार किंचित् बदलतो, आणि त्यावरून यंत्र बोटाची जागा ओळखतें. दाबण्याची गरज नसते. आतां मूर्तिकाराचे हात पाहा. साच्यांत प्लास्टर भरूं लागलें कीं त्याचीं पुटें बोटांवर चढतात व वाळतात. त्या कोरड्या पुटाखालचें बोट कांचेला कळत नाहीं. शाडूचें काम असेल तर हात ओला, आणि ओल्या बोटाचें पाणी कांचेवर पसरून भलतेंच चित्र उघडतें. अंगठ्याच्या ठशानें फोनाचें कुलूप उघडण्याची सोयही यांतील पुष्कळांना निरुपयोगी. कारण माती, पाणी आणि पॉलिशपेपर यांनीं अंगठ्यावरच्या रेषा झिजून गेलेल्या असतात. फोन वाजला म्हणजे कोणी कोपर लावतो, कोणी बोटाचा सांधा लावतो. एका गृहस्थांना नाकाच्या शेंड्यानें फोन उचलतांना मीं स्वतः पाहिलें आहे. मला हंसूं आलें, परंतु उपाय शास्त्रशुद्ध होता. पावसाळ्यांत फोन पातळ प्लॅस्टिकच्या पिशवींत घालून खिळ्याला टांगतात. पातळ पिशवीवरूनही बोट चालतें, आणि धूळ आंत जात नाहीं.

यांतून एक गोष्ट घडली आणि ती कोणी ठरवून केलेली नव्हती. ज्याच्या हातांनीं मूर्ति होते त्याच्या हातांना फोन चालेना. म्हणून तो ज्यांचे हात कोरडे असत त्यांच्याकडे गेला. शाळेंत जाणारी मुलगी, कॉलेजांतून आलेला मुलगा, आणि पुष्कळ घरीं सून. पूर्वीं व्यापारी पेणला उतरून गांवोगांव फिरत, मूर्ती हातांत घेऊन पाहत, इसार देत आणि चहा पिऊन जात. हा सारा व्यवहार घरच्या कर्त्या पुरुषाशीं होई. आतां व्यापाऱ्याचा पहिला शब्द सुनेला कळतो, आणि सासऱ्याला तो जेवतांना समजतो.

संदेश वाचणें हें काम सोपें नाहीं. आमचे लोक मराठी भाषा रोमन लिपींत लिहूं लागले आहेत, ही माझी जुनी तक्रार आहे. त्या लिपींत 'माळ', 'माल' आणि 'मळ' हे तिन्ही शब्द त्याच तीन अक्षरांनीं लिहिले जातात. दोन-तीन वर्षांपूर्वीं सांगलीकडच्या एका व्यापाऱ्यानें जोह्यांतील एका घरीं दीड फुटी चाळीस मूर्ती सांगितल्या होत्या. मूर्तीच्या गळ्यांत साच्यांतच मोत्यांची माळ उठविलेली असे, ती या वर्षीं नको, एवढेंच त्याला कळवावयाचें होतें. त्यानें लिहिलें, 'या वर्षीं माळ नको.' नववींतल्या मुलीनें वाचलें, 'या वर्षीं माल नको.' तिनें तें मोठ्यानें वाचून दाखविलें तरी कोणास शंका आली नाहीं. कारण आमच्या आगरी बोलींत 'ळ'चा 'ल' होतोच, आणि माळेलाही आम्ही मालच म्हणतों. बापानें कपाळावर हात मारला, चार दिवस वाट पाहिली, आणि त्या चाळीस कच्च्या मूर्ती दुसऱ्या व्यापाऱ्यास पडेल भावांत दिल्या. चतुर्थीला पंधरा दिवस उरले असतां सांगलीचा टेंपो दारांत उभा. मग शेजाऱ्यापाजाऱ्यांनीं कोणी पांच, कोणी आठ अशा मूर्ती देऊन गाडी भरली. व्यापारी भला माणूस, तो रागावला नाहीं. परंतु पुढल्या सालीं त्यानें वीसच मूर्ती घेतल्या. एका फोनावर दोन शब्द बोलून विचारलें असतें तर हें टळलें असतें. लिहिलेलें आलें म्हणजे उलट विचारावयाचें नसतें, अशी एक समजूत या मुलांत आहे, ती कोठून आली देव जाणे.

बोललेलें आपोआप लिहून देणारी सोय मराठींत २०१७ पासून मिळूं लागली आहे. ज्यांचें शिक्षण चौथीवर थांबलें अशा बायाही आतां फोन तोंडाशीं धरून मूर्तींची उंची, रंग, संख्या सांगतात आणि यंत्र लिहितें. मात्र बाई 'सोला इंच' म्हणाली तर यंत्र काय लिहील याचा नेम नाहीं. एका सूनबाईंनीं यावर स्वतः तोड काढली आहे. संख्या त्या कधीं बोलत नाहींत, अंक बोटानें दाबतात. हा नियम मला कोणत्याही पुस्तकांतल्या नियमापेक्षां अधिक आवडला.

फोटोंनीं धंदा वाढविला यांत शंका नाहीं. परदेशीं जाणाऱ्या मूर्ती बोटीनें कित्येक महिने आधीं रवाना कराव्या लागतात. त्यांचे नमुने आतां घरबसल्या दाखवितां येतात. परंतु फोटोला मोजमाप कळत नाहीं. फोन मूर्तीच्या फार जवळ धरला तर सोंड मोठी व पाय लहान दिसतात, आणि ट्यूबलाइटखालीं पितांबराचा पिवळा रंग निराळाच उमटतो. अनुभवानें शहाणे झालेले लोक फोन मूर्तीच्या छातीच्या उंचीला धरून चार पावलें मागें उभे राहतात व शेजारीं मोजपट्टी ठेवतात. उलट दिशेनें येणारे फोटो मात्र मला खटकतात. मुंबईच्या एखाद्या प्रसिद्ध मंडळाच्या गणपतीचा फोटो पाठवून गिऱ्हाईक लिहितो, 'हुबेहूब हाच पाहिजे.' शंभर घरीं शंभर कारागीर असून एकाच तोंडवळ्याच्या मूर्ती होऊं लागल्या, तर पेणच्या हाताची ओळख काय राहिली? डोळ्यांची आखणी मात्र अजून हातानेंच होते. ज्या घरांत जुना आखणारा आहे तेथें त्या वेळीं फोन बंद करून फडताळांत ठेवतात, आणि गिऱ्हाइकांनाही तें ठाऊक झालें आहे.

पैशाविषयीं थोडक्यांत सांगतों. पैसे घेतांना आपला गुप्त आंकडा कधींच दाबावा लागत नाहीं. जो दाबावयास सांगेल तो लुबाडणारा समजावा. आणि पैसे पाठविल्याचें चित्र कोणी दाखविलें तरी आपल्या बँकेचा जमासंदेश आल्याखेरीज मूर्ति गाडींत चढवूं नये. ऐन हंगामांत घाईच्या वेळीं असलीं खोटीं चित्रें दाखवून मूर्ती नेणारे भेटतात. फसगत झालीच तर १९३० या क्रमांकावर ताबडतोब कळवावें. उशीर झाला कीं रक्कम पुढें सरकत जाते.

३ जून २०२० रोजीं निसर्ग चक्रीवादळ आमच्या रायगड किनाऱ्यावर आलें. पत्रे उडाले, वीज गेली, आणि कित्येक गांवांतले फोन दिवसेंदिवस मुके झाले. ज्यांचा हिशेब वहींत होता त्यांनीं वही उन्हांत वाळविली. ज्यांचा केवळ फोनांत होता त्यांना कोणाकडून किती येणें तें विजेची वाट पाहिल्यावांचून सांगतां येईना. त्याच वर्षीं सार्वजनिक मूर्ति चार फुटांची व घरगुती दोन फुटांची असावी असें सरकारनें ठरविलें, तें वृत्त मात्र फोनानेंच सर्वांच्या आधीं पोंचविलें. प्लास्टरच्या बंदीचेंही तसेंच. ९ जून २०२५ रोजीं मुंबई उच्च न्यायालयानें प्लास्टरच्या मूर्ती करण्यास व विकण्यास मोकळीक दिली, परंतु त्या नैसर्गिक पाण्यांत विसर्जन करण्यास दिली नाहीं. फोनावर फिरलेल्या संदेशांत पहिलें अर्धेंच वाक्य होतें. दुसरें अर्धें सांगतां सांगतां माझा घसा बसला.

आतां जी गोष्ट माझ्या मनांत घोळत आहे ती सांगतों. गेल्या वर्षीं एका घरांतले दोघे भाऊ वेगळे झाले आणि मला पंच म्हणून बोलाविलें. शेड मोजून वांटली. साचे एकाआड एक वांटले. उरलेलें प्लास्टर गोणींनीं, काथ्या वजनानें. सर्व सुरळीत झालें असें वाटून मी चहाचा पेला हातांत घेतला, तोंच धाकटा म्हणाला, "गुरुजी, साचे निम्मे आले, पण माणसें सगळीं दादाच्या फोनांत आहेत. नंबर कसा वांटायचा?"

प्रश्न बरोबर होता. आठ वर्षें व्यापारी ज्या क्रमांकावर फोटो मागवीत, तोच त्या कारखान्याचा पत्ता होता. शेताचा सातबारा असतो, शेडची घरपट्टी असते. या क्रमांकाच्या मागें उभ्या असलेल्या माणसांची नोंद कोणत्याच दप्तरांत नसते. तो ज्याच्या हातीं, त्याच्या हातीं पुढचा हंगाम. मीं सुचविलें कीं नांवें काढावीं. थोरल्या भावाची पत्नी फोन घेऊन बसली आणि एकेक नांव सांगूं लागली; मी कागदावर लिहूं लागलों. ५२ नांवें निघालीं. कोण वेळेवर पैसे देतो, कोणाला लाल सोंवळें चालत नाहीं, कोणाचा टेंपो रात्रीं येतो, हें ती न पाहतां सांगत होती. नवऱ्याला यांतलीं निम्मीं माणसें ठाऊक नव्हतीं, दिराला तर त्याहून कमी. वडिलांच्या वेळचे व्यापारी दोघांचे सामाईक धरावे आणि बाकीचे निम्मे निम्मे करावे, असें दोघे भाऊ बोलूं लागले.

तेव्हां ती फोन खालीं ठेवून म्हणाली, "हीं माणसें मीं जोडलीं. रात्रीं भांडीं झाल्यावर बसून एकेकाला उत्तरें दिलीं. दोन वांटे केलेत, माझा कोणता?"

घरांत कोणी बोलेना. माझ्यापुढच्या कागदावर दोनच रकाने होते, आणि पंच म्हणून मला जें विचारलें गेलें होतें त्यांत हा प्रश्न नव्हता. तरी मीं कागद उलटा करून ठेवला व म्हणालों कीं याचें उत्तर झाल्यावांचून मी सही करणार नाहीं. सही त्या दिवशीं झाली नाहीं. पुढें आठ दिवसांनीं झाली. त्यांत असें ठरलें कीं क्रमांक तिच्या नांवावर करून द्यावा. ५२ जणांना दोन्ही भावांच्या कारखान्यांचे फोटो दोन हंगाम तिनेंच पाठवावे, आणि धाकट्या दिरानें आपल्या विक्रीवर तिला ठरलेली रक्कम द्यावी. थोरल्याला हें मनापासून रुचलें असें नाहीं. परंतु या वर्षीं कारखान्याचीं नवीं कार्डें छापून आलीं तेव्हां मला एक पाठविलें. वर गजाननाचें चित्र, त्याखालीं त्याचें नांव, आणि त्याखालीं, आकारानें जरा लहान, पण छापील अक्षरांत तिचें.