आजीची मशेरी आणि आपला ब्रश

इअरफोन कानात असतील तर आवाज जरा कमी करा आणि पाच मिनिटं द्या. आजचा विषय रोजचाच आहे, दात.

आमच्या पेठकडे सकाळी चुलीवर भाकरीच्या आधी दुसराच तवा चढायचा. त्यावर तंबाखू काळी होईपर्यंत भाजायची, चुरायची, डबीत भरायची. झाली मशेरी! त्या उग्र वासाने ठसका लागून मी उठायचो. आजी म्हणायची, "हिनं दात घट्ट राहतात रे."

खरं काय होतं? मशेरी हिरडीला लागली की निकोटीन रक्तात जातं आणि सवय लागते. मग दिवसातून एकदाचं चारदा होतं, दात घासणं नुसतं निमित्त उरतं. हिरड्या खराब होतात, दातांची मुळं उघडी पडतात, ठणका लागतो. आणि ठणका दाबायला पुन्हा मशेरी! तोंडाच्या कॅन्सरचा धोका आहेच. टूथपेस्ट आणि दंतमंजनात तंबाखू घालायला आपल्या देशात 1992 पासून बंदी आहे. पण घरच्या तव्यावर कोण छापा घालणार?

गेल्या वर्षी आजीच्या गालात पांढरा चट्टा दिसला. सावळघाट ओलांडून तिला नाशिकला नेलं. डॉक्टरांनी तपासायला तुकडा काढला. रिपोर्ट येईपर्यंत घरात कुणाला जेवण गोड लागलं नाही. कॅन्सर नव्हता. पण डॉक्टर म्हणाले, "मशेरी सुटली नाही तर पुढचं सांगता येत नाही."

आम्ही डबी फेकली नाही. फेकली असती तर शेजारून दुसरी आली असती. आधी दुपारची बंद केली, मग रात्रीची. तलफ आली की बडीशेप. आता सकाळची तेवढी उरलीय. तीही जाईल.

आता आपल्याबद्दल. आपण गोड खातो, चहा पितो. तोंडातले जंतू त्या साखरेचं आम्ल करतात आणि ते दाताचं वरचं कवच झिजवतं. फ्लोराइड ते कवच पुन्हा मजबूत करायला मदत करतं. म्हणून पेस्ट घेताना रंग, जाहिरात बघू नका; फ्लोराइड आहे का ते वाचा. मोठ्यांना वाटाण्याएवढी पेस्ट पुरते, तीन वर्षांखालच्या बाळाला तांदळाच्या दाण्याएवढी. मऊ ब्रश, दोन मिनिटं, दिवसातून दोनदा. त्यात रात्रीचं घासणं चुकवायचं नाही, कारण झोपेत लाळ कमी होते. घासून झाल्यावर थुंका, पण लगेच खळखळून चूळ भरू नका. फ्लोराइडला थोडा वेळ दातावर राहू द्या.

घरात लहान भाऊ-बहीण असेल तर एक लक्षात ठेवा. सहाव्या वर्षाच्या आसपास मागची पहिली पक्की दाढ येते. तिच्यासाठी दुधाचा दात पडत नाही, म्हणून ती आली हे घरच्यांना कळतही नाही. दुधाची समजून सोडली, किडली, तर पुन्हा येणार नाही.

आणि हो, "मी कुठे मशेरी लावतो?" म्हणणाऱ्यांनी खिशातली पुडी आठवावी. तोंडातली जखम किंवा चट्टा दोन आठवड्यांत गेला नाही, तोंड पूर्ण उघडत नसेल, तर लगेच दाखवा. तंबाखू सोडायला मदत हवी असेल तर 1800-11-2356 हा मोफत नंबर आहे.

आज एक काम करा. घरी आजी, आई, मावशी, कुणी मशेरी लावत असेल तर रागावू नका. जवळ बसा आणि मोबाईलच्या उजेडात तोंड बघा.

भेटू पुढच्या भागात. तोवर हसत राहा, आणि रात्री ब्रश करूनच झोपा!