थंडीत पाहुणे मासे कुठे दडतात?

आम्ही तापीकाठच्या मासे विकणाऱ्या बाया. घरची माणसं जाळं टाकतात, आम्ही पाटी घेऊन बाजारात बसतो. सध्या भरीत आणि कळण्याच्या भाकरीचे दिवस आहेत. या थंडीत नदीतले मासे काय करतात, ते आज सांगतो.

रावेर-यावलच्या केळीवाल्या बहिणींना ठाऊक आहे, पारा दहाच्या खाली उतरला की केळीची वाढ थांबते. मग रात्री बागेला विहिरीचं पाणी देतात, कारण ते हवेपेक्षा उबदार असतं. तिलापियाचंही तसंच आहे. हा मासा मूळचा आफ्रिकेतला, भारतात १९५२ साली आणला. पाणी २० अंशांच्या खाली गेलं की त्याची वीण थांबते, खाणं मंदावतं. १० अंशांच्या आसपास तो मरायला लागतो. पण आपल्या नदीचं सगळं पाणी तेवढं गार होत नाही. उथळ धार रात्रीतून गारठते, खोल डोह मात्र ऊब धरून ठेवतो. म्हणून पौषात तिलापिया डोहात आणि धरणाच्या फुगवट्यात गोळा होतो, दुपारी ऊन चढलं की काठाला येतो. जपान-अमेरिकेच्या थंड भागातसुद्धा तो गरम झऱ्यांच्या आणि वीजकेंद्रातून सोडलेल्या कोमट पाण्यात तग धरून राहिला आहे.

दुसरा पाहुणा सायप्रिनस. याला थंडीची भीती नाही. उलट जानेवारी ते मार्च त्याच्या विणीचा एक हंगाम असतो. त्याची अंडी चिकट असतात, म्हणून तो काठच्या पाणगवतात येतो. तळाचा चिखल उकरून खातो आणि पाणी गढूळ करतो.

आता आमची काळजी ऐका. कटला-रोहू साठलेल्या पाण्यात वीत नाहीत, त्यांचं बी दरवर्षी सोडावं लागतं. तिलापियाचं तसं नाही. त्याची मादी अंडी तोंडात सांभाळते, धोका दिसला तर पिल्लांनाही तोंडात घेते. म्हणून तिची पिल्लं जास्त जगतात. फाल्गुन-चैत्रात गिरणा, पांझरा आटतात, जागोजागी डोह तेवढे उरतात. मरळ, वाम त्याच डोहांत जीव धरून असतात. थंडीतून वाचलेला तिलापिया तिथंच विणायला लागतो. गर्दी झाली की त्याची स्वतःचीही वाढ खुंटते. मग आमच्या पाटीत बोटाएवढे मासे येतात, त्यांना भाव कोण देणार?

खरं सांगायचं तर तिलापियानं आमचीही चूल पेटवली आहे. स्वस्त मासा, गरिबाच्या ताटात जातो. त्याच्याशी आमचं वैर नाही. पण नदीत तो एकटाच उरला, तर मरळ मागणाऱ्या गिऱ्हाइकाला आम्ही काय दाखवणार?

म्हणून आमच्या घरात आम्ही बोलणं लावलं आहे. मासे डोहात गोळा झालेत आणि मादीच्या तोंडात अंडी नाहीत, तेव्हाच तिलापिया धरा. सायप्रिनससाठी काठच्या पाणगवताकडे जाळं लावा. जाळ्यात आलेला बारका तिलापिया पाण्यात परत टाकू नका, सुकवा नाहीतर कोंबड्यांना घाला. बारकी मरळ मात्र जिवंत परत सोडा.

तुम्हीही दोन गोष्टी करा. शेततळ्यात तिलापिया असेल, तर पाणी बाहेर पडतं तिथं बारीक जाळी लावा. पावसात तळं भरून वाहिलं की मासा नाल्यातून नदीत जातो. आणि पोरांनी काचेच्या पेटीत पाळलेले मासे कंटाळा आला म्हणून नदीत सोडू देऊ नका. त्यात पुण्य नाही.

बाजारात आलात की आमच्या पाटीपाशी थांबा. कोणता मासा नदीचा आणि कोणता पाहुणा, ते हातात घेऊन दाखवू. राम राम.