तोल हाताला कळतो



माझं बालपण अहेरीत बंडीवर गेलं. अब्बा आलापल्लीच्या डेपोतून सागवान आणायचे. माल मागे जास्त झाला की बंडी उलाळ व्हायची, जू वर उचललं जायचं. पुढे जास्त झाला की सारं ओझं बैलांच्या मानेवर. अब्बा जुवावर तळहात ठेवून दाबून पाहायचे, एखादं लाकूड वीतभर सरकवायचे. म्हणायचे, "बेटा, तोल हाताला कळतो."

हे आठवलं भाच्यामुळे. तो गोंदियाजवळ बिरसीला विमान चालवायला शिकला. छोट्या विमानात हातात एक दांडा असतो. मागे ओढला की नाक वर, पुढे रेटला की खाली. पण वेग बदलला, इंजिनाचा जोर कमी-जास्त झाला, की दांडा हाताशी ओढाताण करू लागतो. तासभर तसाच धरला तर मनगट भरून येईल. म्हणून एक लहान चाक असतं. त्याला ट्रिम म्हणतात. ते फिरवलं की शेपटीकडची चिमुकली पट्टी हलते आणि हाताचं काम हवा करू लागते.

यात क्रम महत्त्वाचा. आधी नाक हातानं हवं तिथे आणून धरायचं, वेग स्थिरावू द्यायचा. मग नजर बाहेर ठेवून चाक फिरवायचं. बोटांवरचा भार उतरला की थांबायचं. पकड सैल केल्यावरही नाक जागचं हललं नाही, तर तोल साधला. उतावळा विद्यार्थी चाकानंच विमान वरखाली करू पाहतो, मग ते झोके खात राहतं.

तो शिकत असतानाच ती बातमी आली. १० मार्च २०१९ रोजी इथिओपियात बोइंग ७३७ मॅक्स कोसळलं, १५७ माणसं गेली. आधी २९ ऑक्टोबर २०१८ रोजी इंडोनेशियात १८९ गेली होती. वाऱ्याचा कोन मोजणाऱ्या एका यंत्रानं चुकीचा आकडा दिला, आणि संगणक ट्रिम फिरवून नाक पुन्हा पुन्हा खाली करत राहिला. इंडोनेशियातल्या वैमानिकांना अशी व्यवस्था विमानात आहे हेच सांगितलं नव्हतं. इथिओपियातल्यांनी वीज तोडली, पण त्या वेगात हवेचा दाब एवढा, की चाक हातानं फिरेना.

बहीण आठवडाभर नीट जेवली नाही. भाच्यानं तिचा हात हातात घेऊन हलकेच ढकलला. तिनं नकळत तेवढाच जोर उलटा लावला. "अम्मी, कुणी ढकललं की हाताला असं लगेच कळतं."

मी म्हणालो, "बेटा, त्यांनाही कळलंच होतं."

तो गप्प झाला. मग म्हणाला, "हो मामू. पण का ढकलतंय हे माहीत हवं, आणि परतवायची सोय हवी."

ओझं यंत्राला खुशाल द्यावं, श्रोतेहो. जाण मात्र देऊ नये. चढ लागला की अब्बा बंडी थांबवून पुन्हा जुवावर हात ठेवायचे. सकाळी साधलेला तोल दुपारी तोच असेल, असं ते कधी धरून चालले नाहीत.